पहिल्या ओळीवरची सही

टाइपरायटरमध्ये कागद घालायचा, रूळ दोनदा कर्रकर्र फिरवायचा, चष्मा कपाळावर सारायचा आणि उजव्या हाताचं पहिलं बोट वर करून समोरच्याला म्हणायचं, "कलम सांगा. रडणं नंतर." मास्तरांची ही सवय शारजातल्या आमच्या कंपनीत सगळ्यांना पाठ होती. माणूस कितीही भडकून आलेला असो, हुंदके देत आलेला असो, ते बोट वर गेलं की तो गप्प व्हायचा आणि विचारात पडायचा की आपल्याला नेमकं काय म्हणायचंय.

मास्तरांचं नाव मी इथे लिहीत नाही. मध्यंतरी माझी नात शाळेचा होमवर्क घेऊन आली. अमेरिका इंग्रजांपासून स्वतंत्र कशी झाली, असा धडा. "दादा, हू साइन्ड फर्स्ट?" म्हणाली; आमच्यात आजोबांना दादाच म्हणतात. म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर पहिली सही कुणाची. मी भाजी निवडत होतो. माझ्या तोंडून मास्तरांचं नाव गेलं आणि त्या पोरीने ते वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी टीचरने त्यावर ही एवढी मोठी लाल फुली मारली. नात दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तेव्हा नाव राहू द्या. पुन्हा कुणी फुली मारलेली मला खपायची नाही.

ही गोष्ट साठच्या दशकातली. तुम्ही आज जी अमिरात बघता ती तेव्हा नव्हतीच. व्हिसा गोऱ्यांच्या कचेरीतून, हवाई तळ गोऱ्यांचा आणि आमची बांधकामाची कंपनीही गोऱ्यांची. कामगार मात्र बहुतेक आमच्याकडचे. रत्नागिरी, दापोली, श्रीवर्धन, म्हसळा. घरी आमची कोकणी बोली, साहेबासमोर मोडकं हिंदी, अरबासमोर यल्ला-खलास, म्हणजे 'चला' आणि 'संपलं', एवढंच. मी श्रीवर्धनकडचा. मॅट्रिक झालेला, म्हणून टाइमकीपर. कोण किती वाजता आला आणि कधी गेला ते लिहायचं, एवढंच माझं काम, पण रुबाब असा की मीच कंपनी चालवतो.

मास्तर ऑफिसात टायपिस्ट होते. त्याआधी रत्नागिरीच्या खाडीकाठच्या एका शाळेत बावीस वर्षं इतिहास शिकवलेला. मुलगी मुंबईला कॉलेजात गेली. त्यांच्या खाडीतली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. तिचं हॉस्टेल आणि मास्तरांचा पगार यांचं जमेना, म्हणून पन्नाशीला आलेला हा माणूस पत्र्याच्या बराकीत आमच्याबरोबर राहायला आला. येताना ट्रंकेत दोन लुंग्या, एक कोट आणि कव्हर फाटलेलं इतिहासाचं जाड पुस्तक.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की आम्ही रोल्ला भागातल्या वडाखाली जमायचो. आता तिथे दुकानांची ही गर्दी आहे. तेव्हा तो वड एकटा उभा होता आणि अख्ख्या शारजात तेवढीच काय ती धड सावली. एका शुक्रवारी कुणीतरी म्हणालं, मास्तर, काहीतरी सांगा. त्यांनी बोट वर केलं आणि अमेरिकेच्या तेरा वसाहतींची गोष्ट सुरू केली.

"लोक इंग्रजच होते. राजाही त्यांचाच. भांडण नव्हतंच काही. पण लढाया झाल्या, तिजोरी रिकामी झाली, तेव्हा लंडनने ठरवलं, वसाहतींवर कर लावू. आधी कागदावर. छापील कागद, करारनामा, वर्तमानपत्र, सगळ्याला सरकारी शिक्का पाहिजे."

दाऊदचाचा आमच्यातले सगळ्यात वयस्कर, गवंड्यांचे मिस्त्री. त्यांनी विचारलं, "कर किती होता पन?"

"किरकोळ."

"मग येवढा आरडाओरडा कशाला?"

"त्यांना विचारलं नाही ना," मास्तर म्हणाले. "कायदा करणाऱ्या सभेत त्यांचा एकही माणूस नव्हता."

हे "विचारलं नाही ना" कॅम्पात असं पसरलं की सोय नाही. मेसचा भंडारी, म्हणजे आमचा स्वयंपाकी इस्माईल, लागोपाठ तिसऱ्या दिवशी दुधी वाढायला लागला की बेचाळीस माणसं एका सुरात ओरडायची, "विचारलं नाही ना!" इस्माईल पळी उगारायचा. पुढे चहाची गोष्ट आली, बंदरात जहाजावर चढून लोकांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या, तेव्हा इस्माईलच सगळ्यात जास्त हादरला.

"च्या? समुद्रात? आख्ख्या पेट्या?"

"आख्ख्या."

"येडे होते काय! कर नको तर नको, च्या ठेवून घ्यायचा!"

मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण त्यानंतर आठवडाभरातच ऑफिसबाहेरच्या बोर्डावर नोटीस लागली की कामगारांची दहा वाजताची चहाची सुट्टी बंद. गोऱ्या फोरमनांची चालूच. कुणी हसलं नाही. सगळे मास्तरांकडे बघायला लागले, जणू त्यांनीच ती नोटीस गोष्टीतून काढून बोर्डावर चिकटवली होती.

मास्तरांनी पहिला अर्ज लिहिला. अतिशय गोड. कामगारांना उन्हात घोटभर चहा मिळाला तर काम अधिक चांगलं होईल, वगैरे. उत्तर आलं नाही. दुसरी नोटीस मात्र आली: टँकरचं गोडं पाणी फक्त ऑफिससाठी, कॅम्पाने विहिरीचं प्यावं. विहिरीचं पाणी असं मचूळ की त्यात डाळ शिजत नसे. मास्तरांनी दुसरा अर्ज लिहिला. त्यालाही उत्तर नाही.

"मास्तर, अर्ज-बिर्ज पुरे झाले," पोरं म्हणायची. "एक दिवस हत्यारं खाली ठेवू."

"तिकडेही आधी अर्जच केले होते. राजाकडे. अगदी शेवटी, लढाई सुरू झाल्यावरसुद्धा एक केला. राजाने तो हातातही घेतला नाही." मग बोट वर. "पण अर्ज केला होता म्हणून नंतर त्यांना सांगता आलं की आम्ही विचारलं होतं. आपणही विचारायचं. तीनदा."

तिसरी नोटीस आली आणि कॅम्पात मेल्यासारखं झालं. ज्यांची दोन वर्षं भरली त्यांनाही काम पूर्ण होईपर्यंत रजा नाही. सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीच्या लोखंडी कपाटात आणि किल्ली मोठ्या साहेबाच्या खिशात. दाऊदचाचांची दोन वर्षं भरून तीन महिने झाले होते. चाचीच्या पोटात गाठ होती. मुंबईला नेऊन ऑपरेशन करायला हवं, असं डॉक्टरने सांगितलेलं, आणि न्यायला घरात दुसरा पुरुष नाही. घरून आलेलं पत्र चाचा खिशातच ठेवायचे. घामाने त्याची घडी विरायला आली होती.

ते मास्तरांसमोर बसले आणि रडायला लागले. एरवी बोट वर जायचं. त्या दिवशी मास्तरांचा हात टाइपरायटरवरून हललाच नाही.

तिकडे एडनमध्ये इंग्रजांविरुद्ध बॉम्ब फुटत होते, त्यामुळे आमचे साहेब आधीच कावलेले. कुणीतरी चुगली केली की टायपिस्ट वडाखाली बंडाच्या गोष्टी सांगतो. पुढच्या शुक्रवारी वडापलीकडे कंपनीची लँडरोव्हर येऊन थांबली. इंजिन चालू, आत एक गोरा आणि हिंदी समजणारा एक फोरमन. मास्तरांनी मान वळवली नाही. आवाजही बदलला नाही. राजाने लोकांच्या घरांत सैनिक ठेवले, इथपर्यंत आले होते, तिथून म्हणाले, "आणि मग अकबराने फतेहपूरला मोठा वाडा बांधला."

सगळे माना डोलवायला लागले. इस्माईलला राहवलं नाही. "अकबरानेही च्या फेकला काय, मास्तर?"

"अकबर शहाणा होता. त्याने ठेवून घेतला."

आम्ही हसलो, पण ओठांनीच. गाडी अर्धा तास तिथे उभी होती.

मरजान म्हातारा आम्हाला गाढवावरून पाणी आणून द्यायचा. तरुणपणी मोत्यांसाठी बुडी मारायचा आणि तेव्हा तो कुणाच्या तरी मालकीचा होता. हे तो स्वतःच सांगायचा, सहज, गाढवाच्या पाठीवरून डबे उतरवता उतरवता. हिंदी त्याला बरं समजायचं. गाडी गेल्यावर त्याने मास्तरांना विचारलं, "वो अमरिकावाला लोग के पास गुलाम था?"

"था," मास्तर म्हणाले.

"उसका भी लिखा कागज में?"

"लिखा था. फिर काट दिया."

मरजानने मान हलवली आणि गाढव हाकललं. मास्तर आमच्याकडे वळले. एवढे चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "आपल्या कागदावरचं एकही कलम खोडायचं नाही. कुणाचंही नाही. समजलं?"

म्हणून तिसऱ्या अर्जात मरजानही आला. त्याला टँकरचं पाणी ऑफिसात पोचवायला लावायचे आणि त्याच ऑफिसातला ग्लास शिवू द्यायचे नाहीत. ते सहावं कलम. एकूण नऊ. पहिलं चाचांचं: करार संपलेल्याला रजा आणि रजेवर जाताना पासपोर्ट हातात. या अर्जात गोड बोलणं काही नव्हतं. फक्त कलमं.

खाली सह्या हव्यात, अंगठे नकोत, असा मास्तरांचा हट्ट. "अंगठे साहेबाला सगळे सारखेच दिसतात." चार शुक्रवार त्यांनी वडाखालच्या वाळूत काटकीने लोकांना आपापलं नाव लिहायला शिकवलं. कुणी मराठीत, कुणी उर्दूत. इस्माईल स्वतःच्या नावाशी येऊन अडायचा आणि नावाला शिव्या घालायचा. दाऊदचाचा तीन अक्षरं लिहून झाली की वाळूवर हात फिरवून ती पुसायचे, पुन्हा लिहायचे.

आता पहिली सही कुणाची? आमच्या जमातीत, म्हणजे गावच्या मशिदीच्या पंचायतीत, कुठल्याही कागदावर पहिली सही वयाने मोठ्या माणसाची. कुणी तोंडाने सांगायचीही गरज नसते. चाचा पुढे सरसावले. मास्तरांनी त्यांचा हात धरला.

"नाही, दाऊदभाई. ज्याचं नाव पहिलं त्याला हा साहेब बोटीत बसवणार, आणि पुन्हा कधी व्हिसा नाही. तुम्हाला जायचंय तसं परतही यायचंय. चाचीच्या औषधपाण्याचं कोण बघणार?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग माझ्याकडे. मी ऑफिसचा माणूस, इंग्रजीत झोकदार सही करणारा, बिनलग्नाचा. मी छाती काढून म्हणालो, "मी करतो. त्यात काय?" काय ते कौतुक झालं माझं! इस्माईलने त्या दिवशी मला सुरमईचे दोन तुकडे जास्त वाढले.

मधल्या आठवड्यात गावाहून अब्बांचं पत्र आलं. धाकट्या भावासाठी व्हिसाचा अर्ज केला होता, त्यावर कंपनीची शिफारस हवी होती. तो कागद मोठ्या साहेबाच्या टेबलावर पोचला होता. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. वर काचेचं वजन ठेवलेलं. साहेबाची सही झाली की भाऊ महिनाभरात शारजात. मी हे कुणालाही सांगितलं नाही. मास्तरांनाही नाही.

शुक्रवार उजाडला. नमाज झाली, फातिहाची दुआ झाली. वडाखाली चहाचा रिकामा खोका पालथा घातला, त्यावर अर्ज. आदल्या दिवशी फोरमन सांगून गेला होता की या जमण्याबद्दल साहेब खूश नाहीत. रस्त्याकडे आमचंच कुणीतरी पहारा देत होतं. बेचाळीस माणसं उभी आणि आवाज फक्त पानांचा. मास्तरांनी कोटाच्या खिशातून आपलं फाउंटन पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्या हातात दिलं.

पहिल्या ओळीवर एकचा आकडा होता. मी निब टेकवलं. मला कागदावर काचेचं वजन दिसायला लागलं. मी पेन उचललं, झटकलं, पुन्हा टेकवल्यासारखं केलं आणि म्हणालो, "चालत नाही. शाई संपली वाटतं."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आणि तेच मला आजतागायत सहन होत नाही. पेन माझ्या हातातून घेतलं, खोक्यापुढे वाकले आणि सही केली. अशी ठसठशीत, अशी मोठी की दुसऱ्या ओळीत घुसली. शाई काळीभोर उतरली. बेचाळीस माणसांनी पाहिली.

"या हवेत निब सुकतं कधीकधी," मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले आणि पेन दाऊदचाचांना दिलं.

अरे, बावीस वर्षं पोरांच्या खोट्या सबबी ऐकलेला माणूस तो! त्याला काय कळलं नसेल?

सगळ्यांच्या सह्या झाल्यावर अगदी शेवटी मी केली. माझी ती झोकदार सही त्या दिवशी मुंगीएवढी आली.

शनिवारी सकाळी मास्तर स्वतःच अर्ज घेऊन आत गेले. काचेच्या दारातून मला दिसत होतं, ऐकूही येत होतं. साहेब बसलेला, मास्तर उभे, अंगात तोच कोट, त्या उकाड्यात. साहेबाने पहिली सही बघितली, मग वर बघितलं. "सो यू आर द लीडर?"

"आय अ‍ॅम द टायपिस्ट, सर. प्लीज आन्सर द क्लॉजेस. देअर आर नाइन."

साहेब पुन्हा कागदावर वाकला. माझ्या हातातलं हजेरीचं रजिस्टर घामाने ओलं झालं होतं. माझं नाव शेवटी आहे, तिथवर तो वाचणार नाही, असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला सांगू, तेवढंच आलं.

पाच दिवस काही घडलं नाही. कॅम्पात माणसं हळू आवाजात बोलायची. दुधी आला तरी कुणी ओरडत नव्हतं. सहाव्या दिवशी बोर्डावर नोटीस लागली आणि वाचून दाखवायला मास्तरच पुढे झाले. करार संपलेल्यांना पाळीपाळीने रजा. पासपोर्ट निघताना हातात. कॅम्पाला एक दिवसाआड टँकर. चहाबद्दल विचार चालू आहे. मरजानबद्दल एक अक्षर नव्हतं. लोकांनी आरडाओरडा सुरू केला, कुणी मास्तरांना उचलायला धावलं. त्यांनी बोट वर केलं.

"थांबा. अजून एक ओळ आहे." आणि त्याच आवाजात त्यांनी ती वाचली. टायपिस्टची नोकरी समाप्त, मंगळवारच्या बोटीने रवानगी.

त्याच दुपारी साहेबाने मला आत बोलावलं. भावाच्या कागदावर सही झालेली होती. "गुड मॅन," तो म्हणाला. मी थँक्यू सर म्हणालो. म्हणालो, हो. तुम्ही काय म्हणाला असता, ते मला माहीत नाही.

त्या बोटीला पहिली रजा दाऊदचाचांना मिळाली. म्हणजे दोघं एकाच बोटीने चालले, एक पासपोर्ट छातीशी धरून रजेवर आणि दुसरा कायमचा. चाचा वेळेवर पोचले, चाचीचं ऑपरेशन झालं, पुढे ती कित्येक वर्षं जगली. मास्तरांना गावच्या शाळेत परत कुणी घेतलं नाही. खाडीतल्या लोकांचे अर्ज लिहून देत त्यांनी दिवस काढले. मुलीचं कॉलेज एक वर्ष थांबलं, मग पूर्ण झालं, ती शिक्षिका झाली. हे मला चाचांकडून कळलं. मी गेलो नाही कधी भेटायला. दरवर्षी गावी जायचो आणि दरवर्षी काहीतरी सबब निघायची.

मंगळवारी दुबईच्या खाडीवर मी त्यांना पोचवायला गेलो. मोठी बोट बाहेर समुद्रात उभी, तिथवर लाँच नेणार होती. चाचा आधीच चढून बसले होते. इस्माईलने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली होती. मास्तर ते पुडकं सांभाळत ट्रंकेवर बसलेले. मी काहीतरी बोलायला गेलो आणि धक्क्यावरच्या सगळ्या हमालांसमोर हमसून रडायला लागलो.

त्यांनी चष्मा कपाळावर सारला. बोट वर गेलं.

"कलम सांग. रडणं नंतर."

लाँचवाला "यल्ला, यल्ला" करत होता.

"एक," मी म्हणालो. "पेन चालत होतं."

"हं. दोन?"

"दोन नाही."

मास्तरांनी खिशातून ते पेन काढलं, टोपण घट्ट आहे का बघितलं आणि माझ्या सदऱ्याच्या खिशाला लावलं.

"अर्ज मंजूर," ते म्हणाले आणि ट्रंक उचलून लाँचमध्ये चढले.